ऑफ सीझनला गुहा बघायला निघालात? या चुका टाळा

जून लागला की फोन सुरू होतात. "दादा, महाबळेश्वरला रूम निम्म्या भावात मिळतीय. जोडून एखादी गुहा पण करू म्हणतोय, कुठली सांगता?" प्रश्न दरवर्षी तोच, विचारणारे तेवढे नवे. मी उलट विचारतो, टॉर्च किती आहेत? पलीकडून उत्तर येतं, "मोबाईलला आहे की."

साताऱ्यात राहून वीसेक वर्षं मी सुट्ट्या मुद्दाम ऑफ सीझनला काढतोय. घरच्यांची नाराजी पत्करून मे महिन्यात ऑफिसात बसतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या मंगळवारी डोंगरात असतो. गर्दी नसलेला डोंगर ही मला मिळालेली फार मोठी गोष्ट आहे, म्हणून कुणी तिकडे निघालं की मला आनंदच होतो. पण गर्दी नसते तेव्हा आणखी काय काय नसतं, याचा विचार करून निघणारे फार थोडे. चहाची टपरी बंद असते. वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप दिवसातून एखादी फेरी मारते. वाटेत गुराखी भेटेलच असं नाही. पाय मुरगळला तर हाक ऐकायला मागून येणारा दुसरा ग्रुप नसतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मे महिन्यात खपून जातात, कारण कुणीतरी येऊन सावरतं. ऑफ सीझनला त्याच चुका अंगावर येतात.

सगळ्यालाच 'गुहा' म्हणणं

आपल्या जिल्ह्यात लोक ज्याला सरसकट गुहा म्हणतात, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे माणसानं कोरलेली लेणी. कराडजवळ जखिणवाडीच्या वर आगाशिवच्या डोंगरात साठच्या वर बौद्ध लेणी आहेत. वाईजवळ लोहाऱ्याची लेणी आहेत, साताऱ्याजवळ देगावच्या डोंगरात पाटेश्वर आहे. ही काळ्या बेसॉल्टमध्ये छिन्नीनं खोदलेली दालनं. छत सहसा भक्कम, जमीन सपाट, उजेड बऱ्यापैकी आत येतो. इथे धोका आतल्यापेक्षा वाटेवर जास्त.

दुसऱ्या म्हणजे नैसर्गिक गुहा, पाचगणी-महाबळेश्वरच्या जांभ्यातल्या, म्हणजे तिथल्या लालसर, सच्छिद्र दगडातल्या. टेबललँडच्या कडेखालची डेव्हिल्स किचन, राजपुरीच्या गुहा, महाबळेश्वरची रॉबर्स केव्ह ही माहितीतली नावं. वरचा जांभा कडक असतो. त्याच्याखाली कुजलेल्या खडकाची मऊ, चिकणमातीसारखी थर असते. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं आणि ती माती वर्षानुवर्षं धुऊन नेतं. मागे राहते ती पोकळी. म्हणजे या गुहा पाण्यानं केलेल्या आहेत आणि पाणी अजूनही ते काम करतंय. त्यांचं छत, जमीन, भिंती लेण्यासारख्या स्थिर धरून चालायचं नाही.

तिसरी जात म्हणजे विहिरी, भुयारं, टाकी. कमळगडावरची कावेची विहीर बघितली असेल तर कळेल. कातळात एक अरुंद चीर, त्यातून पन्नासेक पायऱ्या खाली, दोन्ही बाजूंना गेरूच्या लाल ओलसर भिंती. उन्हाळ्यात खाली उतरलं की अंगावर गारवा येतो. पण ती वरून उघडी असली तरी आत वारा खेळत नाही आणि पायऱ्या कायम निसरड्या.

तिन्हींना एकच बूट, एकच टॉर्च, एकच तयारी चालेल असं समजून लोक निघतात. आगाशिव चपलांवर झालं म्हणून जांभ्यातली गुहाही चपलांवर होते, असं नसतं.

एकच उजेड घेऊन आत जाणं

या एका चुकीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला मंगळवार. आम्ही चौघं होतो: मी, ऑफिसातला मित्र, त्याचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि एक शेजारी. पाचगणीच्या बाजूची, पठाराच्या कडेखालची जांभ्यातली एक गुहा. नाव सांगत नाही, सांगितलं की लोक जातात. तोंडाशी उभं राहता येईल एवढी खोली, मग गुडघ्यांवर रांगत दहा-बारा फूट, मग आत दुसरी खोली, तिथे घोट्याएवढं पाणी. मी तिथे आधी दोनदा गेलो होतो. माहितीची जागा म्हटल्यावर माणूस सैल होतो, तसा मी झालो.

माझ्याकडे दोन टॉर्च होते. एक डोक्याला, दुसरा सॅकमध्ये. रांगायच्या वाटेत सॅक अडकते म्हणून ती तोंडाशीच ठेवली, शेजाऱ्याच्या ताब्यात. त्याला गुडघेदुखी, तो बाहेरच थांबला. मित्राकडे चांगला जाड टॉर्च होता. भाच्यानं पाणी लागेल म्हणून मोबाईल सॅकमध्ये टाकला. मित्राचा मोबाईल त्याच्या खिशात, आणि येताना घाटात व्हिडिओ काढून काढून त्याची बॅटरी तळाला गेलेली.

आतल्या खोलीत पोचलो आणि मित्राचा टॉर्च पिवळा पडला. मग लालसर. मग विझला. नंतर कळलं की सकाळी गडबडीत त्यानं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले होते. त्याच क्षणी मागे फिरायला हवं होतं. आम्ही फिरलो नाही. माझा हेडटॉर्च होता ना. भाच्याला छताला लटकलेली वटवाघळं नीट बघायची होती, म्हणून मी तो डोक्यावरून काढला आणि त्याच्याकडे दिला. माझ्या हातातून सुटला आणि त्याच्या हातात आला नाही. पाण्यात पडला, एकदा चमकला आणि गेला. मित्रानं मोबाईल काढला. मिनिटभर उजेड मिळाला, त्या मिनिटात आम्ही पाण्यात टॉर्च शोधत बसलो. मग मोबाईलही बंद.

मी दोघांना म्हणालो, घाबरू नका, डोळे सरावतील. रात्री अंगणात आलो की आधी काही दिसत नाही आणि अर्ध्या तासात पायवाट दिसायला लागते, तसं होईल असं मला खरंच वाटत होतं. पण अंगणात चांदण्यांचा तरी उजेड असतो. डोळा सरावायला थोडा का होईना उजेड लागतो. गुहेच्या आतल्या खोलीत तो शून्य असतो. आम्ही वीस मिनिटं थांबलो आणि विसाव्या मिनिटालाही स्वतःचा हात नाकापुढे धरला तर दिसत नव्हता. भाचा मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागला होता.

मग मी डावा हात भिंतीला लावला, मित्रानं माझा घोटा धरला, भाच्यानं मित्राचा. रांगत निघालो. पहिलं भोक सापडलं ते चुकीचं, दोन हात आत जाऊन बंद झालं. मागे सरकताना भाच्याचं कपाळ छताच्या कडेवर आपटलं. जांभा किती खरखरीत असतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्या शेजाऱ्याला हाका मारत होतो, तो उलट ओ देत होता, पण आवाज सगळीकडूनच आल्यासारखा वाटायचा. शेवटी त्याला ओरडून सांगितलं की सॅकमधला टॉर्च काढ आणि भोकाच्या तोंडाशी लावून ठेव. डाव्या हाताला अगदी खाली एक करडी रेघ दिसली. तिकडे गेलो. दहा-बारा फुटांच्या वाटेला सगळं धरून तासाच्या आसपास वेळ गेला. भाच्याला तीन टाके पडले. त्याच्या आईला काय सांगायचं, हा विचार मला घाट उतरेपर्यंत सोडत नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. माणशी तीन उजेड, आणि तिन्ही अंगावर. एक डोक्याला, एक गळ्यात दोरीनं अडकवलेला, एक शर्टाच्या बटणाच्या खिशात. सॅकमधला टॉर्च मी मोजत नाही. मोबाईल तर मोजतच नाही. तो फोन आहे, बाहेर आल्यावर लागणार आहे. सेल नवे, त्याच आठवड्यात आणलेले. पिशवीत ठेवताना टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवतो, म्हणजे बटण दाबलं जाऊन वाटेतच उतरत नाही. आत शिरायच्या आधी सुलटा करून तिन्ही लावून बघतो. आपला उजेड आत असताना दुसऱ्याला द्यायचा नाही, एक मिनिटासाठीही नाही.

आणि पहिला उजेड गेला की ट्रिप संपली. दुसरा लावायचा तो बाहेर येण्यासाठी. दुसरा आहे म्हणून पुढे जायचं नाही. यावर नवी मंडळी सगळ्यात जास्त वाद घालतात. "अजून दोन आहेत की, पाच मिनिटांत बघून येऊ." माझ्याबरोबर येणाऱ्याला हे मान्य नसेल तर मी त्याला नेत नाही. मैत्री गेली तरी चालेल.

पुढेच बघत जाणं

दर वळणावर थांबा, मागे वळा, टॉर्च मागे मारून परतीची वाट कशी दिसते ते बघून घ्या. जाताना दिसलेली गुहा येताना दिसत नाही, दुसरीच दिसते. दोन वाटा फुटत असतील तर मी पांढऱ्या चिंधीचा तुकडा दगडाखाली ठेवतो आणि येताना उचलतो. खडूनं बाण काढू नका, ते तिथेच राहतात आणि पुढच्याची दिशाभूल करतात.

बूट, कपडे, दोर

नवे बूट नकोत. जीन्स नको, भिजली की जड होते आणि सुकत नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी म्हणजे दोर नव्हे, तिच्यावर माणसाचं वजन टाकू नका. दोर लागेल अशा जागी शिकवणाऱ्या माणसाशिवाय जाऊच नका. डोक्याला हेल्मेट घाला. सायकलचं असलं तरी चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरं. भाच्याचे तीन टाके वाचले असते.

पाऊस थांबला म्हणजे आत जायला हरकत नाही, असं वाटणं

पाऊस थांबतो तेव्हा गुहेतलं पाणी थांबत नाही. वर पठारावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरत मुरत उशिरा खाली येतं. वर ऊन पडलेलं असतं आणि आत छतातून धार सुरू झालेली असते. भिजलेली माती जड होते, छताचे लपके सुटतात. नैसर्गिक गुहांसाठी माझा नियम साधा आहे: जून ते ऑक्टोबर आत पाऊल नाही. दिवाळीनंतर निदान तीन आठवडे कोरडे गेल्यावर पहिली ट्रिप.

पावसाळी सुट्टी काढायचीच असेल तर महाबळेश्वरला जरूर जा, मीही जातो. धुकं, पाऊस, कुळुमाच्या गवतानं झाकून घेतलेली घरं बघत बसा, मक्याचं कणीस खा. पण गुहा आणि आडवाटा त्या सुट्टीत धरू नका. २२ जुलै २०२१ च्या आसपास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळून माणसं गेली, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. अशा दिवसांत पोलादपूरकडे उतरायचा बेत आखून, "गुगल तर रस्ता चालू दाखवतंय" म्हणणाऱ्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. घाटाचं विचारायचं तर वाईच्या किंवा महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर फोन करा. गाडी सोडतायत की नाही एवढं विचारा. तिथली गाडी बंद असेल तर आपलीही बंद.

वासोटा किल्ल्याचंही तेच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा, नागेश्वरची गुहा हे सगळं त्या जंगलात येतं. वनखात्याची परवानगी लागते, बामणोलीहून बोट लागते आणि पावसाळ्यात तिकडचं जाणं बंद असतं. दरवर्षी जुलैत कुणीतरी बामणोलीच्या धक्क्यावर उभं राहून मला फोन करतं. मी तिथे काही करू शकत नाही आणि करू शकलो तरी करणार नाही.

फुलांचं कास पठार ऑफ सीझनमध्ये धरू नका. २०१२ साली जागतिक वारशात नाव गेल्यापासून सप्टेंबर हाच तिथला मोठा सीझन आहे.

स्वस्त मिळालं म्हणून फोन न करता जाणं

रूमचा भाव कमी असतो त्याला कारण असतं. ऑफ सीझनला बऱ्याच ठिकाणी आचारी गावाला गेलेला असतो. मी एकदा जुलैत आईला घेऊन गेलो होतो. लॉजवर पोचल्यावर कळलं की जेवण बंद, गरम पाणी सकाळी एक तास, जनरेटर फक्त जिन्याला. गाद्या दमट. आईला दम्याचा त्रास, तिनं रात्र खुर्चीत बसून काढली. नुसतं ऑनलाइन बुकिंग करून मोकळा झालो होतो, ती चूक माझीच. आता मी आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी विचारतो: रात्री जेवण मिळेल का, लाईट गेली तर रूममध्ये काय चालू राहतं, खोली आठवडाभरात कुणी वापरली होती का, आणि खालच्या मजल्यावरची मिळेल का. चौथा प्रश्न आईसाठी. तिसऱ्या प्रश्नाला कुणी आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघतो. बंद खोलीला पावसाळ्यात जो कुबट वास येतो, तो उदबत्तीनं जात नाही.

गुहेच्या तोंडाशी चूल पेटवणं

ही माझी दुसरी दुखरी जागा.

कोरड्या दिवसांत आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. लेण्यांच्या कपाळावर, किल्ल्याच्या कातळावर, जिथे वरून आडोसा असतो तिथे. काळी, हातभर रुंद, पोळ्याच्या बाहेरच माश्यांचा थर. खालून गेलं तर बहुतेक वेळा काही करत नाहीत. पण धूर सहन करत नाहीत.

वाईच्या बाजूच्या एका किल्ल्यावर निघालो होतो, मार्च महिना. खाली गावात एक आबा भेटले, शेळ्या घेऊन बसलेले. म्हणाले, "पावनं, वर जावा, पर चूल पेटवू नगा. कड्याला आग्या हाय." त्यांनी आमच्या आधी गेलेल्या पोरांनाही हेच सांगितलं होतं. पोरं 'हो आबा' म्हणून गेली. आम्ही अर्ध्यात असताना वर कड्याजवळच्या गुहेतून धूर दिसला. पोरांनी मॅगी करायला गवत-काटक्या पेटवल्या होत्या. वारा खालून वर, धूर सरळ कड्याला.

आधी आवाज आला. लांबून लॉरी घाट चढत असल्यासारखा. मग पोरं धावत सुटलेली दिसली. दोघं वाटेनं आली, एक जण हात झटकत जागेवरच गोल गोल फिरत राहिला. हात झटकणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट. माशी चावली की डंखाबरोबर धोक्याचा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर तिथेच येतात. जितकं झटकाल, चिरडाल, तितक्या जास्त येतात. आम्ही दोन चादरी काढल्या, दोघा-दोघांनी डोक्यावरून घेऊन करवंदीच्या जाळीत घुसलो. त्या पोराला बाहेर ओढायला आमच्यातला एक जण चादरीसकट गेला आणि त्यालाही सात-आठ चावल्या. पोराला किती चावल्या ते मोजलं नाही, पण मान आणि कान ओळखू येत नव्हते. खाली आणेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. आबांनी नातवाला मोटरसायकल घेऊन पाठवलं, पोराला मधे बसवून वाईला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ॲडमिट होता. वाचला. ऑफ सीझन होता, मंगळवार होता, आबा त्या दिवशी शेळ्या घेऊन दुसऱ्या अंगाला गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही करतो.

म्हणून माझ्या ट्रिपमध्ये गुहेजवळ चूल नाही, स्टोव्ह नाही, उदबत्ती नाही, सिगारेट तर नाहीच. सेंट आणि डिओही नको. डबा घरून: चपाती, शेंगदाण्याची चटणी, गूळ. चहा थर्मासमध्ये. गरमागरम मॅगीचे फोटो काढायची ज्यांना हौस आहे त्यांनी ती घराच्या गच्चीवर भागवावी. प्रत्येक माणसाकडे एक जाड सुती चादर असतेच. माश्या उठल्याच तर तोंड झाकायचं, ओरडायचं नाही, झटकायचं नाही, शक्य तितक्या लांब आणि दाट झाडीत किंवा बंद जागेत जायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात. डंख नखानं किंवा कार्डाच्या कडेनं लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, उलटी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ लावा आणि उचलून न्या.

शिवाय त्या दिवसांत डोंगर वाळलेला असतो. एका ठिणगीवर वणवा लागतो आणि वणव्याचा धूर गुहेत भरतो. दूर कुठे धूर दिसला तर मी त्या दिवशी आत जात नाही.

वटवाघळांना उठवणं

टाळ्या वाजवून, टॉर्च मारून, ती उडताना व्हिडिओ काढायचा ही हल्लीची खोड. अंगावर पिल्लू घेऊन लटकलेली आई दचकून उडाली की पिल्लू खाली पडतं, आणि खाली पडलेलं पिल्लू सहसा मरतं. तेवढं कारण मला पुरेसं आहे. ज्यांना पुरेसं नाही त्यांच्यासाठी दुसरं: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली, त्यातल्या काहींमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वटवाघळाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाला बुरशीचा आजारही होतो. म्हणून विष्ठेचा थर दिसला की मी मागे फिरतो. फिरता येत नसेल तर एन-९५ मास्क. हात न धुता खायचं नाही. घरी आलो की कपडे वेगळे, गरम पाण्यात. मेलेलं, पडलेलं वटवाघूळ हातात घ्यायचं नाही, कितीही कीव आली तरी.

मेणबत्तीवर भरवसा

"मेणबत्ती जळतेय, म्हणजे हवा चांगली आहे." हे चूक आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड त्रास देण्याइतका साचला तरी ज्योत जळत राहू शकते. खोल, एका तोंडाच्या जागेत डोकं जड झालं, काही न करता धाप लागली, की बोलत न बसता वर या. वर आल्यावर बोला.

भिंतीवर नाव कोरणं

पाटेश्वरला तऱ्हेतऱ्हेच्या शिवपिंडी आहेत. कितीदाही गेलं तरी एखादी नवी नजरेला पडते. आगाशिवला वर गेलं की कृष्णा-कोयनेचं खोरं समोर पसरलेलं असतं. तिथल्या भिंतींवर बदाम आणि नावं बघितली की माझी त्या दिवशीची भूक जाते. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा नसता तरी दोन हजार वर्षांच्या भिंतीला हात लावायचा धीर कसा होतो हे मला कळत नाही.

कुणालाच सांगून न जाणं

शेवटची गोष्ट, आणि ही फुकट आहे. वर चढायच्या आधी पायथ्याच्या शेवटच्या घरी थांबा. पाणी मागा, दोन शब्द बोला. किती जण आहोत, कुठल्या गुहेत चाललोय, किती वाजेपर्यंत परत येऊ हे सांगा. मी एका कागदावर घरचा फोन नंबर लिहून देतो. वेळ उलटली आणि आम्ही दिसलो नाही तर काय करायचं तेही सांगतो: आधी घरी फोन, मग ११२. आत तुम्ही शिरला आहात हे बाहेर कुणाला तरी माहीत असायला हवं. आतून नेटवर्क नसतं.

आणि परत आलात की त्याच घरी जाऊन सांगा.

हे शेवटचं मी एकदा केलं नाही. पाटण भागातली ट्रिप होती. परत येताना दुसऱ्या वाटेनं खालच्या गावात उतरलो, तिथे शेवटची एसटी उभी दिसली, धावत जाऊन पकडली. पायथ्याच्या घरी दिलेला कागद डोक्यातूनच गेला. रात्री साडेनवाला घरी पोचतो तर बायको दारात उभी, फोन हातात. त्या गावातली पाच माणसं कंदील आणि बॅटऱ्या घेऊन गुहेपर्यंत जाऊन आली होती. दोघं आत उतरून बघून आले होते. मी फोन घेतला. त्या घरातल्या मावशी पलीकडे होत्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोचला न्हवं? बरं झालं. मानसं आत्ताच आली खाली, आता जेवाय बसत्यात."

पुढच्या रविवारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्या गावाला गेलो आणि पाचही घरी जाऊन आलो.